तारे नसलेलं सूप

आमच्या घरात कुणाचं लग्न ठरलं, साखरपुडा झाला, बारसं निघालं की जेवणं आटोपल्यावर, मंडळी सैलावून भिंतीला टेकली की, कुणी ना कुणी माझ्याकडे वळून म्हणतं, "आबा, बाबलकाकाच्या सुपाची गोष्ट होऊन जाऊ दे." मी आधी नको नको म्हणतो. मग घसा साफ करतो. ही गोष्ट सांगण्यात माझा हात धरणारा आमच्या खानदानात कुणी नाही. बाबलकाका बोटीवर कुक होता. त्याला बघायला मुलीकडचे मुलुंडहून बोरीवलीला आले. त्याने वडे-सागोती सोडून त्यांना इटलीचं कोंबडीचं पाणी पाजलं. मुलीच्या भावाने वाटीत डोकावून पाहिलं तर त्याला स्वतःची मिशी दिसली. मुलीने तडक मुलुंड गाठलं आणि काका जन्मभर बिनलग्नाचा राहिला. मिशीच्या जागी मी थोडा थांबतो. लोक हसतात. लहान पोरं, ज्यांनी बाबलकाकाला पाहिलंही नाही, तीसुद्धा बरोबर त्या जागी हसतात, कारण त्या जागी हसायचं असतं हे त्यांना आईबापांनी शिकवलेलं आहे.

आता माझे गुडघे गेले आहेत, अर्धे दात गेले आहेत, आणि ज्यांच्यासमोर खोटं बोललो ती बहुतेक माणसंही गेली आहेत. तेव्हा ही गोष्ट एकदा होती तशी लिहून ठेवतो. मला महात्मा व्हायचं नाही, त्याला वय निघून गेलं. सूप वाईट नव्हतं, एवढंच मला सांगायचं आहे. पण एवढं सांगायला बाकीचं सगळं सांगावं लागतं.

आम्ही बोरीवली पूर्वेला राहायचो, नॅशनल पार्काच्या कडेला. तळमजल्यावर दोन खोल्या आणि एक गॅलरी. गॅलरीत पाण्याचं पिंप, ओव्याच्या पानांची कुंडी, आणि पावसाळ्यात न वाळणारे कपडे. आमच्यावर भानूबेन राहायच्या. आमच्याकडे रविवारी सुक्या मसाल्याचा खकाणा उठला की त्या खिडक्या आपटून बंद करायच्या आणि चार उदबत्त्या लावायच्या. तो त्यांचा निषेध आणि आमची जेवायची वेळ झाल्याची खूण. अण्णा, म्हणजे माझे वडील, गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर कांदिवलीला रंगाच्या एका गोदामात लागले होते. घरी यायचे तेव्हा नखांत निळा नाहीतर पिवळा रंग असायचा, पण बोलणं अजून गिरणीतल्या जॉबरचं, हाताखालच्या माणसांवर हुकूम सोडणारं. आईने तर आमच्या दोन खोल्यांत अख्खं मालवण बसवलं होतं. कोकमं, सुका बांगडा, कुळीथ आणि कुणाचं काय चुकलं याची तोंडपाठ माहिती.

मी तेव्हा कॉलेजात होतो, बी. कॉम.ला. घरात पहिलाच कॉलेजात गेलेला, त्यामुळे मला सगळं कळतं असा माझा समज होता आणि घरातल्यांनी तो मोठ्या कौतुकाने वाढवला होता. आतल्या खोलीत लोखंडी कॉट होती. ती माझी. तिच्यावर बसून मी अभ्यास करायचो, म्हणजे पाय हलवायचो.

बाबलकाका अण्णांचा धाकटा भाऊ. वर्षातले बरेच महिने बोटीवर. परत आला की आमच्याकडेच उतरायचा, आणि कॉटच्या शेजारी, खाली जमिनीवर, स्वतःची गादी घालायचा. मोठा असून कॉट त्याने कधी मागितली नाही. उंच, सावळा, मिशी बारीक कोरलेली. त्याची पेटी उघडायची वेळ म्हणजे आमच्या मजल्यावरचा सण. त्यातून निघायचं काय? साबण. विलायती कागदात गुंडाळलेल्या वड्या, धुण्याच्या पावडरीचे खोके, नीळ, आणि पांढऱ्याशुभ्र चादरी, ज्यांच्या कोपऱ्यात कुठल्यातरी बोटीचं नाव विणलेलं असायचं. शेजारच्यांचे भाऊ आखातातून टेपरेकॉर्डर आणायचे आणि आमचा कुक साबण आणायचा. पण याचा अर्थ काय, हे आमच्या घरात कुणाच्याही डोक्यात आलं नाही. मला तर सगळं कळायचंच, त्यामुळे माझ्याही नाही.

त्या खेपेला साबणाबरोबर दोन नव्या वस्तू होत्या. एक, मुठीएवढा टणक, पिवळट, मेणासारखा दगड. दुसरी, चुरचुरणाऱ्या पारदर्शक कागदाच्या पिशवीत बारीक बारीक चांदण्या. तांदळाच्या कणीएवढ्या, पाच टोकांच्या, मधे भोक. काकाने त्यातल्या चार तळहातावर घेऊन आम्हाला दाखवल्या. "हे तारे. इटलीत कुणाला बरं नसलं की कोंबडीच्या पाण्यात हे शिजवून देतात. माणूस उठून बसतो." आईने एक तारा दाताखाली धरून पाहिला. "साबुदाणोच तो," ती म्हणाली, आणि पिशवी साबुदाण्याच्या डब्याशेजारी ठेवून दिली.

पिवळ्या दगडाचं काय झालं ते दोन दिवसांनी कळलं. आई मोरीतून चरफडत बाहेर आली. "भावोजी, तुमच्या बोटीवरच्या ह्या साबणाला फेसच नाही. अण्णांच्या शर्टाला घासघास घासला, उलटा वास मारायला लागला." काका मोरीकडे धावला. ते चीज होतं. जुनं, मुरवलेलं, पोर्टवर स्वतःच्या पैशांनी घेतलेलं. त्याने ते पाण्याखाली धरलं, चाकूने वरचा थर तासून काढला, आणि उरलेला तुकडा कापडात गुंडाळून माझ्या कॉटखालच्या ट्रंकेत लपवला. अण्णा तो शर्ट घालून गोदामात गेले आणि दिवसभर त्यांच्याजवळ कुणी बसलं नाही, हे त्यांनी पुढे कित्येक महिने सांगितलं. पण आता आठवतं ते असं, की काका रागावला नव्हता. आईच्या हातातून शर्ट घेऊन त्याने तो स्वतः धुतला. कोमट पाणी, थोडा सोडा, कॉलर आधी, मग बाही. असा धुतला की तसा तो दुकानातून आणला तेव्हाही नव्हता.

त्याच आठवड्यात एका दुपारी आई-अण्णा बाहेर गेले असताना तो माझ्या कॉलेजच्या शर्टाला इस्त्री करत होता. मी म्हटलं, "काका, तू कुक असून इस्त्री अशी कशी करतोस रे? लाँड्रीवाला लाजेल." तो थांबला. इस्त्री उभी केली. मग म्हणाला, "लाँड्रीवालाच आसंय मी, झिला." आणि हसला. बोटीवर तो पहिल्यापासून लाँड्रीत होता. चादरी, टॉवेल, ऑफिसर लोकांचे पांढरे ड्रेस. गावी पहिल्या खेपेला कुणीतरी विचारलं, तेव्हा तोंडातून कुक निघालं, कारण लाँड्री म्हटलं असतं तर माझ्या आजोबांनी घरात घेतलं नसतं. आपल्या घराण्यात कुणी दुसऱ्याचे कपडे धुतले नाहीत, असं आजोबांचं म्हणणं. घराण्याची मिळकत म्हणाल तर पडक्या कुंपणातली पाच माडांची झाडं आणि हा अभिमान. अण्णांनी गिरणीत वर्षानुवर्षं कापूस नाकातोंडात घेतला, तो चालला. रंग नखांत भरला, तो चालला. चादर मात्र चालली नसती.

"मग सूप?" मी विचारलं.

सूप त्याला जेनोआत मिळालं होतं. निमोनिया झाला, बोटीने त्याला तिथल्या इस्पितळात उतरवलं आणि ती पुढे गेली. भाषा येत नव्हती. जेवण जात नव्हतं. तिथे एक जाडीशी बाई रोज दुपारी वाटी घेऊन यायची, त्याच्या छातीवर पंचा बांधायची आणि चमच्याने भरवायची. चमचा तोंडाजवळ आणताना स्वतः तोंड उघडायची, लहान मुलाला भरवताना आई उघडते तशी. बरा झाल्यावर तो तिच्यामागे मुदपाकखान्यात गेला आणि सूप कसं करतात ते हातवारे करून विचारून घेतलं. "आजवर तेवढं एकच येतं मला," तो म्हणाला. "कुणाला बोलू नको. लग्नाचं चाललंय."

मी म्हटलं, "वेडा काय, मी कशाला बोलतोय?"

लग्नाचं खरंच चाललं होतं. मुलगी मुलुंडची, मूळची कोकणातलीच, नलिनी नावाची, बालवाडीत शिकवायची. वय तिशीच्या पुढे. वडील गेल्यावर भावंडांचं करण्यात तिचं राहून गेलं होतं. काका चाळिशीला टेकलेला. मध्यस्थ होते गणूभाऊ, आमच्या गावचे, ज्यांनी आजवर जमवलेल्या सगळ्या लग्नांची जेवणं चापून खाल्ली होती आणि एकाही भांडणात लक्ष घातलं नव्हतं. काका मुलुंडला जाऊन पोहे खाऊन आला. तिथे नलिनीने त्याला विचारलं होतं, तुम्ही बोटीवर काय करता? तो म्हणाला, कुक. ती म्हणाली, "मग हे चुकलंच. पोहे तुम्ही करायला हवे होते." सगळे हसले. ती म्हणाली, "नाही, खरंच. आम्ही घर बघायला येऊ तेव्हा तुम्ही करून घाला काहीतरी." हे आमच्या घरी येऊन सांगताना काकाचा चेहरा असा होता की मला त्याच्याकडे बघवेना.

तेव्हा अण्णांनी एक वाक्य उच्चारलं. जेवताना, भात कालवता कालवता. "जमलं तर आतली खोली बाबलला. सुध्या गॅलरीत झोपेल." बस्स. पिंपाशेजारी. कॉलेजात गेलेला, घराण्याचा पहिला पदवीधर होऊ घातलेला मी, ओल्या कपड्यांखाली, डासांत, आणि पार्कातून बिबट्या येऊन कुत्री उचलून नेतो त्या बाजूला. मला सगळं कळायचं ना, त्यामुळे हेही कळलं की यावर बोलणं शोभणार नाही.

ठरलेल्या रविवारी सकाळी काकाने आधी कोंबडीवरून भांडण केलं. त्याला म्हातारी कोंबडी हवी होती. पाणी तिचंच गोड होतं, तलंगेचं, म्हणजे कोवळ्या कोंबडीचं, नाही. अण्णा म्हणाले, "अरे, मुलीचं वय काय, तू आणतोस काय! म्हातारी कोंबडी बघून त्यांना वाटेल टोमणा मारतोय." काका म्हणाला, "शिजल्यावर वय कोण विचारतो?" "आमच्या घरात विचारतात," आई आतून म्हणाली. शेवटी म्हातारीच आली. आणि आईने, न विचारता, सागोतीसाठी तरणीही आणवली. वड्यांचं पीठ तिने आदल्या दिवशीच मळून ठेवलं होतं. तिचा दिरावर विश्वास होता. सुपावर नव्हता.

आदल्या दिवशी तिने आणखी एक काम करून ठेवलं होतं, ते काकाने ताऱ्यांची पिशवी मागितल्यावर उघड झालं. आईने अभिमानाने झाकलेलं पातेलं पुढे केलं. "भिजवून ठेवलेत तुमचे साबुदाणे. नाहीतर ऐन वेळी धांदल होते." काकाने झाकण काढलं. आत तारे नव्हते. पांढरा, गुळगुळीत, थुलथुलीत असा एक गोळा होता. भिंतीवर चिकटवायच्या कागदाला लावतात तसली खळ. काकाने त्यात बोट बुडवलं, वर काढलं, बोटावरून ती हळूहळू घसरताना पाहिली. आई म्हणाली, "फुगले नाहीत का?" अण्णा म्हणाले, "फुगले म्हणजे काय, मेले." मी हसलो. मी इतका हसलो की मला कॉटवर जाऊन पडावं लागलं. मनात आलं, संपलं. आता वडे-सागोती वाढतील, कुक काय करतो ते दिसेल आणि कॉट राहील.

काका थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिला. परत आला तेव्हा हातात ओव्याची चार पानं होती. आईला म्हणाला, "वहिनी, गव्हाच्या शेवया आहेत ना?" आणि परातीवर शेवयांचा पुडा उघडून तो त्या मोडायला बसला. नुसत्या मोडल्या नाहीत. बोटाच्या चिमटीत धरून, नखाने, एकेक तुकडा कणीएवढा. मग आईही बसली. मग अण्णाही, पिवळ्या नखांनी. तिघं परातीभोवती बसून शेवया मोडत होते आणि मी कॉटवरून पाहत होतो. अण्णा म्हणाले, "सायबा, या वयात लग्नाची शेवई मोडायला लागतेय." आई हसली. मी उठलो नाही. माझा अभ्यास होता.

कोंबडी मंद आचेवर शिजत होती. तिच्यासोबत कांदा, गाजर, कोथिंबिरीच्या देठांची जुडी दोऱ्याने बांधून, मिरी, आणि शेवटी ओव्याची पानं, तिकडच्या कुठल्याशा पानाच्या बदल्यात. हळद नाही, खोबरं नाही, तिखट नाही. आईने पुन्हा पुन्हा मसाल्याचा डबा हातात घेतला आणि काकाने तो पुन्हा पुन्हा काढून घेतला. "अगो वहिनी, चिमूटभर पण नको." "पण भावोजी, रंग तरी?" "रंग नको." "मग दिसणार काय वाटीत?" काका वर आलेला फेस पळीने काढत होता, पुन:पुन्हा, जणू कुणाच्या चादरीवरचा डाग काढतोय. पाणी सोनेरी झालं. इतकं स्वच्छ, की तळातला गाजराचा तुकडा वरून दिसावा. वरून भानूबेनची हाक आली. "सुधा, आज तारे घेर शुं बने छे? सरस वास आवे छे!" मी वर बघून म्हटलं, "गाजर." खोटं नव्हतं. गाजर होतंच. असं अर्धं खरं बोलायला मला चांगलं यायचं. हे लक्षात ठेवा.

नलिनी आली ती भावाबरोबर. भाऊ बँकेत होता, बोलण्याआधी खिशातलं पेन चाचपायचा. त्याला मिशी होती खरी, तेवढं माझ्या गोष्टीत बरोबर आहे. गणूभाऊ आलेच. ती काळीसावळी, चष्मा लावणारी, पोपटी साडी. आली तशी सरळ स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. "कुठे आहे परीक्षा?"

काकाने वाट्या भरल्या. ट्रंकेतलं चीज बाहेर काढलं आणि किसणीवर किसून प्रत्येक वाटीत थोडं टाकलं. आईने अण्णांकडे पाहिलं, अण्णांनी स्वतःच्या शर्टाकडे. मुलुंडच्या घरी काकाने ताऱ्यांचं वर्णन करून ठेवलं होतं, पाच टोकं, मधे भोक, सगळं. नलिनीने चमचा बुडवून वर काढला, चष्म्याजवळ नेला. चमच्यात शेवईचे तुकडे. ती काही क्षण पाहत राहिली. कोकणातल्या बाईला शेवई कळत नाही असं होत नाही.

"यात तारे कुठं दिसत नाहीत," ती म्हणाली.

आई पदराशी खेळायला लागली. मी दाराशी उभा होतो, माझं लक्ष काकाकडे. आता काय करतो? तो म्हणाला, "आज आभाळ आलंय."

ती हसली. मोठ्याने, मान मागे टाकून, बालवाडीतल्या पोरांबरोबर हसावं तशी. मग तिने वाटी संपवली आणि पुढे केली. "आणखी आहे?" काकाने दुसऱ्यांदा वाटी काठोकाठ भरली, म्हणून तिने खालून वाटीला हात लावला. भावाने आपली वाटी अर्धी ठेवली आणि सागोतीवर हात मारला, पण लग्न भावाला कुठे करायचं होतं? गणूभाऊंनी सगळंच संपवलं. अण्णा सूप शेवटच्या थेंबापर्यंत प्याले. मग म्हणाले, "बरं आहे की रे. घशाला बरं वाटतं." गिरणी सुटल्यापासून त्यांचा घसा खराब होता.

पाहुण्यांना बसपर्यंत सोडायला मुलाकडच्याने जायचं, अशी आमच्याकडची रीत. मुलगा स्वतः जात नाही, बाप जात नाही, म्हणून मी. गणूभाऊ मागे आईकडून वडे बांधून घेत होते. हायवेवर मुलुंडच्या बसची वाट पाहत आम्ही तिघं उभे राहिलो. भावाने पेन चाचपलं. "तुझे काका गोड आहेत. कुक म्हणजे बोटीवर मान बराच असेल, नाही?"

मला कुणी धमकावलं नव्हतं. फसवूनही विचारलं नव्हतं. "हो" एवढं म्हणता आलं असतं. "गाजर" म्हणालो होतो तसं काहीही म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "कुक नाहीत हो ते. लाँड्रीत आहेत. चादरी धुतात."

आणि वर, प्रामाणिक मुलासारखा चेहरा केला. खरं बोलण्यात एक मजा असते, ती त्या दिवशी मला पहिल्यांदा कळली. आपलं काम होतं आणि पापही लागत नाही.

भावाचा हात पेनावरून खाली आला. त्याच्या चेहऱ्यावर माझे आजोबा दिसले. ते मुलुंडलाही राहत होते म्हणायचे. नलिनी रस्त्याकडे बघत होती. बस दिसली तेव्हा ती माझ्याकडे वळली. रागाने नाही. "काकांना सांग, सूप छान होतं," ती म्हणाली. "नक्की सांग." मी मान डोलावली. बस गेली.

घरी आलो तर काका वाट्या धूत होता. "काय म्हणाली?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "काही नाही."

नकार आठवड्याने आला. गणूभाऊ आले, काकाला गॅलरीत घेऊन गेले, पिंपाजवळ उभे राहून हळू आवाजात बोलले आणि चहा न घेता गेले. गणूभाऊ चहा न घेता गेले यावरून बातमी सगळ्यांना कळलीच. अण्णांनी विचारलं, "काय म्हणतात? कारण काय दिलं?" मी कॉटवर बसलो होतो, पाय हलत नव्हते. काकाने माझ्याकडे पाहिलं की नाही, हे मला अजून सांगता येत नाही. तो म्हणाला, "कारण काय? सूप पातळ झालं. भावाला म्हणे वाटीत आपली मिशी दिसली."

आईने तोंडाला पदर लावला, पण हसू फुटलंच. अण्णाही हसले. वाईट वाटत असताना हसायला मिळालं की माणूस जास्तच हसतो. आई म्हणाली, "मी सांगत होते चिमूटभर मसाला घाला म्हणून!" काका म्हणाला, "तुझंच ऐकायला हवं होतं गो." आणि त्या दिवशी ही गोष्ट जन्माला आली. मिशी त्याची. मी फक्त थांबायचं कुठे, ते पुढे बसवलं.

कॉट माझी राहिली.

पुढची खेप करून काका आला तेव्हा मी टायफॉइडमधून उठत होतो. ताप गेला होता, पण अन्नाचा वास सहन होत नव्हता. आईची पेज मी ढकलून देत होतो. काकाने पेटी उघडली. या वेळी ताऱ्यांची पिशवी त्याने आईच्या हाती लागू दिली नाही. पण ती त्याने स्वतःही उघडली नाही. शेवयाच मोडल्या. वाटी घेऊन कॉटवर माझ्या शेजारी बसला, माझ्या छातीवर पंचा पसरला आणि चमचा तोंडाजवळ आणला. आणताना स्वतःचं तोंड उघडलं. मी ओठ मिटून घेतले. मला ते घेणं शक्य नव्हतं आणि का, हेही सांगणं शक्य नव्हतं.

तो चमचा तसाच धरून थांबला. मग हळूच म्हणाला, "पी रे झिला. कपडे धुणाऱ्याचे हात स्वच्छच आसतत."

तेवढंच. त्यात चिडणं नव्हतं. स्वयंपाकघरात आई भाकऱ्या थापत होती, तिला ऐकूही गेलं नाही. मी तोंड उघडलं. सूप गरम होतं, थोडं खारट, ओव्याचा वास येणारं, आणि जिभेवर शेवईचे तुकडे लागत होते न लागत होते. मी वाटी संपवली. तेव्हा तरी मला सांगता आलं असतं. एक वाक्य माझ्याकडे ठेवलेलं होतं, माझं नव्हतंच ते, त्याचं होतं. नलिनीने दिलेलं. पण ते दिलं असतं तर बसस्टॉपवरचं बाकीचंही द्यावं लागलं असतं. त्याला ते ठाऊक होतं, हे तर आता उघड होतं. मग अडलं काय? त्याला ठाऊक आहे हे मला ठाऊक आहे, एवढं कबूल करायचं अडलं. भित्री माणसं किती बारीक जागेत लपू शकतात बघा.

काकाने पुढे लग्नाचं नाव काढलं नाही. बोट सोडली, गावी गेला, माडांना कुंपण घातलं. माझ्या लग्नात गोष्ट मी सांगितली आणि तो सगळ्यांत आधी हसला. माझ्या मुलाच्या बारशाला सांगितली, तेव्हाही. तो गेला त्यानंतर बाराव्याच्या जेवणाला सगळे गप्प बसले होते, तेव्हा कुणीतरी म्हणालं, बाबल असता तर असं बसू दिलं नसतं, सुधा, तू ती गोष्ट सांग. आणि मी सांगितली. मिशीच्या जागी थांबलोसुद्धा.

गेल्या महिन्यात नातीचा साखरपुडा झाला, बोरीवलीतच, एका एसी हॉलमध्ये. तिथे काउंटर होते. चाटचा, चायनीजचा आणि एक पास्त्याचा, ज्यावर पांढरी उंच टोपी घातलेला मुलगा उभा होता आणि लोक त्याच्याकडे आदराने बघत होते. त्याच्या अंगावरचा पांढरा कोट इतका छान इस्त्री केलेला होता की मी जरा वेळ नुसता बघत राहिलो. जेवणानंतर फर्माईश झाली. मी घसा साफ केला. आणि या खेपेला खरी गोष्ट सांगितली. साबणाचं चीज, परातीवरच्या शेवया, हायवे, भावाचं पेन. "चादरी धुतात," मी म्हणालो, आणि तिथे थांबलो.

सगळे हसले. आजवर कधी हसले नव्हते इतके. थांबलो ना, त्यामुळे. व्याही तर डोळे पुसत म्हणाले, "आबा, हा शेवट एक नंबर! मिशीपेक्षा झकास!" कुणीतरी टाळी मागितली. मी दिली.

माझी सून तेवढी हसली नव्हती. ती ज्या घरातून आली तिथे माझी गोष्ट कुणी शिकवलेली नव्हती. गाडीत बसताना माझा हात धरून तिने विचारलं, "पण आबा, ते सूप कसं होतं?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. घरातल्या एकाही माणसाने नाही.

"छान होतं," मी म्हटलं. "काकांना सांग म्हणाली होती."